सारिकाचा बंद ट्रेलर आणि माझी इतर मालमत्ता

मी, भिमाबाई भाऊराव हिवराळे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, माझ्या पश्चात काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांचा दाखल्यावर विश्वास नसेल त्यांनी माझ्याशी पंधरा मिनिटे वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. चाळीस वर्षे मी सभांमधून बोलत आले, आणि दबाव टाकायला घरी आलेली माणसे चहा पिऊन परत गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे पती भाऊराव मोटारसायकल मेकॅनिक होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. मागे दोघे आहेत: मुलगा प्रसेनजित, हायस्कूलमध्ये गणित शिकवतो, आणि त्याची मुलगी सारिका, वय तेवीस. सून फार लवकर गेली, म्हणून सारिका माझ्याच हाताखाली वाढली. ती मोटारसायकलच्या मातीवरच्या शर्यतीत उतरते. हे वाक्य वाचून ज्यांच्या भुवया वर जातील त्यांना मी ओळखते.

१. राहते घर प्रसेनजितला द्यावे. पुढच्या खोलीत दर रविवारी महिला मंडळाच्या बायका बसतात. ती खोली त्यांच्यासाठी उघडी राहील. तिथे जुना फ्रिज ठेवून वाट अडवू नये. मी गणित शिकवले नसले तरी मुलाला ओळखते.

२. पुस्तके तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावीत. पानोपानी मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्या खोडू नयेत. एखादीला माझे म्हणणे पटले नाही तर तिने शेजारी तसे लिहावे.

३. ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि माइक महिला मंडळाला. लग्नात लावायला देऊ नये. एका गावात बायकांच्या जमिनीतल्या वाट्यावर मी बोलत असताना तिथल्या सरपंचांनी वीज बंद करवली होती. पुढचा तासभर मी माइकशिवाय बोलले, ते वेगळे. त्या सरपंचांना मी माफ केलेले नाही. ते वारले, तरी नाही. त्यांचा नातू मला आदराने जेवायला बोलावतो आणि मी जाते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

४. भाऊरावांचे सगळे पाने, हातोड्या, जॅक आणि त्यांची राजदूत मोटारसायकल सारिकाला. या राजदूतवर बसून मी सभांना गेले, म्हणून ती चौथऱ्यावर मांडून हार घालण्याचा विचार मंडळात चालू असल्याचे कळते. तसे करू नये. आठवड्यातून एकदा ती सुरू करावी.

५. बसस्टँडजवळची भाऊरावांच्या गॅरेजची जागा विकावी. तिथे माझ्या नावाचे सभागृह होणार नाही. त्या पैशातून सारिकासाठी मोटारसायकल वाहून नेण्याचा, पिकअपमागे जोडायचा बंद ट्रेलर घ्यावा आणि उरेल ते बाप-लेकीने सारखे वाटून घ्यावे.

हे कलम लोकांना विचित्र वाटेल, म्हणून त्याची हकीकत लिहिते.

शर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, नंबर नसतो. ती रस्त्यावर चालवता येत नाही. शर्यतीच्या गावापर्यंत वाहून न्यावी लागते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याकडे शर्यत होती. आमच्या गल्लीतल्या कचरूचा पिकअप ठरवला. गाडी मी बांधली. माझे माहेर बैलबाजाराचे. मला वाटले, टेम्पोत बैल बांधता येतो तर मोटारसायकल काय? ती स्टँडवर उभी केली, खाली कुटाराची म्हणजे भुशाची पोती टाकली आणि बैलाच्या दाव्याने आवळली. निघताना कचरूने विचारले, "माय, मागं कोण बसते धराले?"

मी म्हणाले, "सारिका बसंल. तिचीच त गाडी हाये."

आमच्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कपाट असो, शिलाई मशीन असो, मोटारसायकल असो. मागे सामान टाकले की ते धरायला एक माणूस बसवायचा. घरात ज्याच्या शब्दाला सर्वांत कमी वजन, तो बहुधा मागे बसतो. राजूर घाट चढताना दुसऱ्या वळणावर दावे सैल पडले आणि गाडी सारिकाच्या डाव्या पायावर आडवी झाली. पायात दोन सळ्या घातल्या. आठ महिने गेले.

"माणूस म्हणजे ओझे धरायचा दोर नव्हे." हे वाक्य मी मजुरांच्या किती सभांत म्हटले असेल! आसलगावात म्हटले, संग्रामपुरात म्हटले, टाळ्या घेतल्या. आणि त्या सकाळी माझ्या नातीला मी दोर केले. कचरूचा दोष नाही, दाव्याचाही नाही. माझा आहे. व्यासपीठावर हे कबूल करायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे करते.

त्या दिवसापासून प्रसेनजितने शर्यतीच्या गाडीवर ताडपत्री टाकून गॅरेजला कुलूप लावले आहे. सारिका धावू लागली, डॉक्टरांनी परवानगी दिली, कुलूप तसेच. विचारले की एकच उत्तर, "आई, लेकरू एकच हाये." त्याची भीती बरोबर आहे. कुलूप चूक आहे. पायाने चालणारे लेकरू बापाच्या भीतीने घरी बसले तर त्या सळ्या फुकट गेल्या.

यंदा मी आणि सारिका ट्रेलर बनवणारे तीन कारखाने फिरलो. तिसऱ्याचे मालक गुलाबराव. त्यांनी तयार ट्रेलर दाखवला, बाहेरून नव्या नवरीसारखा.

"माय, पत्रा पाहा. हातोडी मारली त हातोडी वाकंल."

"मी पत्र्याचं नाही विचारत, गुलाबराव. ह्या गाडी बांधायच्या कड्या कशाले जोडल्या?"

"फळीले. चार-चार स्क्रू हायेत एकेकाले."

"अन् फळी कशाले जोडली?"

"फळी त... फळी हाये ना."

मी सतरंजी मागवून ट्रेलरखाली शिरले. फळीखाली लोखंडाचा पत्ता नव्हता. वर सारिकाने ट्रेलरच्या आत जाऊन दार लावून घेतले आणि ओरडली, "आजी, कोपऱ्यातून उजेड दिसून राह्यला!"

"तेवढी हवा लागतेच," गुलाबराव म्हणाले.

"हवा येईन तिथून पाणीबी येईन, काका."

गुलाबरावांनी मग शेवटचा डाव टाकला. "बरं, राहू द्या. आत एक बाकडं फुकट बसवून देतो. गाडी धराले ही पोट्टी बसंल ना मागं? तिले तेवढाच आराम."

मी ट्रेलरखालून बाहेर निघत होते. सारिका शांतपणे पायरी उतरली. "काका, गाडी धराले माणूसच लागत असंल, त तुमचा डबा कायले घेऊ?"

बंद ट्रेलरचा खरा गुण मला तिथे कळला. धूळ, पाऊस, चोर यांपासून तो गाडी राखतो, हे कोणीही सांगेल. पण दार लागले की आत माणूस नसतो, आणि माणूस नसतो म्हणून बांधणे खरे असावे लागते.

तेव्हा ट्रेलर असा असावा. कड्या चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लोखंडाला जोडलेल्या असाव्यात, फळीला नव्हे. पुढचे चाक घट्ट बसेल अशी लोखंडी खाच असावी आणि गाडी स्टँडवर न ठेवता खटका दाबून घट्ट होणाऱ्या चार पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळावी. दार खाली पाडले की त्याचाच उतार व्हावा, आणि तो इतका सौम्य असावा की सारिका एकटीने गाडी चढवेल. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. गाडीची जागा चाकांच्या थोडी पुढे आखावी. वजन मागे गेले की ट्रेलर म्हशीच्या शेपटीसारखा हलतो. पेट्रोलची वाफ कोंडू नये म्हणून वर आणि खाली झडपेच्या जाळ्या हव्यात, मात्र सांध्यातून उजेड दिसता कामा नये. बोअरच्या पाइपने अर्धा तास पाणी मारून पाहावे. आरटीओची नोंद आधी, पैसे नंतर. गाडी भरून राजूर घाट एकदा चढवावा, उतरवावा. पट्टा बोटभरही सैल झाला तर ट्रेलर परत करावा.

आत बाकडे, खुर्ची, गादी यांपैकी काहीही बसवू नये. गुलाबरावांनी कितीही सवलत दिली तरी त्यांच्याकडून घेऊ नये.

निवड सारिकाची. पट्टे तपासण्याचे काम प्रसेनजितचे, कारण ज्याला भीती वाटते तोच नीट तपासतो. गॅरेजची किल्ली मात्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजच सारिकाकडे द्यावी.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. शोकसभेत दोनच भाषणे, प्रत्येकी पाच मिनिटे. मला कधी पाच मिनिटांत थांबता आले नाही, दुसऱ्यांनी थांबावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रसेनजित करील. सही करण्यापूर्वी मी त्याला वरील मजकूर वाचून दाखवला. त्याने ऐकले, खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"आई, ट्रेलर घेऊ. घाटातून मीच नेईन, पट्टे मीच पाहीन. पण ती उंचवट्यावरून गाडीसकट उडते ना, ते मले पाहवत नाही."

सारिका दारात उभी होती. "बाबा, कोण म्हणते पाहा म्हून? पाठ करून उभे राहा. मले लांबून फक्त तुमचा शर्ट दिसला पायजे."

त्याने अंगातल्या शर्टाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "कोणता शर्ट?"

सबब शेवटची अट अशी: प्रसेनजितवर शर्यत पाहण्याची सक्ती नाही. त्याने लांबून ओळखू येईल असा शर्ट घालून मैदानावर हजर राहावे. रंग सारिका सांगेल.

लिहून ठेवणार:
(सही) भिमाबाई भाऊराव हिवराळे

भिमाबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. या कागदाने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) सिंधूताई रामदास वानखडे, निवृत्त परिचारिका
२. (सही) कचरू नामदेव इंगळे, पिकअप चालक

ठिकाण: जळगाव जामोद
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५