वळणावर फोन ठेवायचा

सोमवार, ३

भुयारात राबणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, घरच्या माणसाचा आवाज पुरता ऐकणं ही चैन आहे काय? मग आपला प्रत्येक फोन अर्ध्या वाक्यात का तुटतो?

हे भाषण मी वरिष्ठांपुढे ठोकणार आहे. आज आलो नि आजच भांडणाला विषय मिळाला. बायको म्हणेल, अंथरूण तरी पसरायचंस. बियाण्यांचं हे कोठार डोंगराच्या पोटात आहे. लांबच लांब बोगदा, काटकोनात एक वळण, पलीकडे थंड खोल्या. अलीकडे आमची खोली: दोन खाटा, एक शेगडी, पुस्तकांना फळी. एकदा पाळी लागली की दोन आठवडे आतच. गारवा टिकावा म्हणून पोलादी दार फक्त बाहेरून उघडतं. आपण फोन करायचा, पहारेकरी आवाज ओळखतो आणि दाराची बाहेरची मूठ खाली ओढतो. आवाज हीच चावी! माझ्यासारख्या बोलभांडाला याहून बरी नोकरी कोणती?

बुधवार, ५

इथे टॉवरची रेंज शून्य. वाय-फाय कॉलिंग चालू केलं की फोन टॉवरऐवजी वाय-फायवरून आवाज पाठवतो. पलीकडच्याला फरक कळत नाही. पण आमचा वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, चौथ्या पिढीचा आहे आणि वळणापलीकडे त्याचं काही चालत नाही. पिढी कितीही नवी असो, काँक्रीटपुढे लहर दमतेच. तिथे दुसरा डबाच लागतो.

जोडीदार काका इथे मुरलेले आहेत. वळण आलं की ते बोलणं आवरतात, फोन ठेवतात, अलीकडे परत आले की पुन्हा लावतात. सगळेच म्हणे तसं करतात. मी कारण विचारलं. ते म्हणाले, इथली रीत आहे. रीत! या एका शब्दाखाली जगातले किती अन्याय सुखाने झोपले आहेत! मी तासभर बोललो. काका म्हणाले, वक्ते, तुमच्या जिभेला ब्रेक नाही, कधीतरी घसराल.

शनिवार, ८

जिंकलो. सहाव्या पिढीचे दोन डबे बसले, वळणाच्या दोन बाजूंना एकेक. दोन्हींचं नाव एकच, त्यामुळे चालता चालता फोन एकावरून दुसऱ्यावर जातो, बोलणं तुटत नाही. बायकोशी बोलत मी ऐटीत वळण ओलांडलं. एक अक्षर गळलं नाही. मागे वळून पाहिलं तर काका डोकं धरून बसलेले. फोन ठेवला का नाहीस, एवढंच विचारत राहिले.

सोमवार, १०

काकांची पाळी संपली. नवा जोडीदार येईपर्यंत मी एकटा. निघताना ते म्हणाले, आता वळणाशी थांबू नकोस.

दुपारी बायकोला फोन केला तर ती हसायला लागली. म्हणाली, अरे, आत्ताच तर तासभर बोललास, करमत नाही वाटतं? मी फोन केलाच नव्हता. लाइनीची गडबड असेल. पण मी काय बोललो, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मंगळवार, ११

वळणाशी थांबलो.

तिथे कुणीतरी बोलत होतं. हळू, गोड, न थांबता. शनिवारी मी तिला जे सांगत होतो, तिथूनच पुढे चाललं होतं. माझीच ढब, शेवटचा शब्द उचलून धरायची माझीच खोड. फोन माझ्या खिशात बंद होता.

संध्याकाळी बायको म्हणाली की मी गुरुवारी घरी येतोय, असं मीच कळवलं आहे. मी नाही म्हणालो. ती चिडली. म्हणाली, एक काय ते ठरव.

बुधवार, १२

नोकरी गेली खड्ड्यात, बाहेर पडायचं ठरवलं. पहारेकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आतले साहेब तर सकाळीच बाहेर गेले, दार मीच उघडलं. आत आता कुणी नाही. आणि साहेबांनी जाताना बजावलंय, नव्या डब्यांतून आवाज उमटतात, ऐकू नका, दार उघडू नका. फार छान समजावलं म्हणे. पटलंच त्याला.

मी ओरडलो. तो म्हणाला, हुबेहूब जमलंय हं. आणि फोन ठेवला.

काकांना लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाळा, तू असशीलही. पण मला कसं कळणार?”

गुरुवार, १३

आणीबाणीच्या नंबरवर फोन. वाय-फायवरून केलेल्या फोनचा ठिकाणा त्यांना दिसत नाही. कॉलिंग चालू करताना जो पत्ता भरतो तोच दिसतो. मी घरचा भरला होता. कोठाराचा पत्ता ओरडून सांगितला, पण त्यांचं पथक घरी गेलं—

पथकातल्या बाईंनी आमच्या दाराबाहेरूनच उलट फोन केला. शांतपणे म्हणाल्या, “दार तुम्हीच उघडलंत. चहाही विचारलात. पुन्हा अशी थट्टा करू नका.”

मागे माझी बायको हसत होती. मी ओळखतो ते हसू. ती खूश आहे. तो तिच्याशी—

तिला फोन केला. उचलला त्याने.

शुक्रवार

दोन्ही डबे उपटले. त्यांचे दिवे विझले. फोनवर रेंज नाही, वाय-फाय नाही, काही नाही.

वळणाशी बोलणं चालूच. आता जोरात. आता एकच आवाज नाही— काकांच्या आधीचे कोण कोण, ज्यांनी फोन ठेवला नाही—

माझा घसा बसतोय. सकाळी स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. नुसती हवा.

शनि

आवाज गेला. दार बडवतो. पोलाद जाड आहे. बोलून आयुष्य काढलं, आता हात तेवढे उरलेत.

पानं फाडून दाराखालच्या रबरातून बाहेर सरकवतोय. नव्या पाळीच्या माणसा, तुझ्या पायाशी पडतील. वाच. तेवढ्यात तुला फोन येईल. मीच बोलेन. फार छान बोलेन, तुला पटेल. उत्तर देऊ नकोस, वाद घालू नकोस, कुणाला विचारू नकोस. फोन खाली ठेव आणि दोन्ही हातांनी ती मूठ खाली ओ