चौदा हजार किलोमीटरचं निमित्त

प्रिय ढब्बू,

तुझं ते चौदा हजार किलोमीटर आता पुरे झालं. मी यायचं नाव काढलं की तू हाच आकडा माझ्या तोंडावर मारतोस. आपल्याकडच्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत एवढं अंतर, मध्ये विमान बदलायचं, तुझे गुडघे, तुझं बीपी, आई तू वेडी आहेस का. अरे, अंतर विमान कापणार आहे, मी नाही! मला नुसतं बसून राहायचंय, आणि तुझी आई चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलीय. तुझ्या ताईनेही तुझीच री ओढली. तिला म्हटलं, तू गप्प बस.

दरवर्षीसारखा यंदाही तुझ्या वाढदिवसाला शर्ट शिवून पाठवला. व्हिडिओ कॉलवर तू तो घालून बसलास, मजेत आहे म्हणालास, आणि माझं लक्ष तुझ्या खांद्याकडे गेलं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉलर गळ्यापासून सुटली होती. आधी वाटलं, माझीच कात्री चुकली, म्हातारी झाले. तुझा जुना शर्ट कपाटातून काढला, नवा ज्या मापाने शिवला होता त्याच्याशी ताडून पाहिला. माप बरोबर होतं. म्हणजे शाळेत ज्याला सगळे ढब्बू म्हणायचे, तो माझा मुलगा त्या शर्टात अर्धाच उरला होता, आणि वर मला तिथलं हवामान सांगत होता.

मग मी सूनबाईला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिची पाठच सोडली नाही. तुम्ही वेगळे झालात, ती दुसरीकडे राहायला गेली, आणि तू उभ्याउभ्या ब्रेड खाऊन दिवस काढतोस, हे कळलं. का लपवलंस? माझ्या शिलाईच्या दुकानात येणाऱ्या बायका काय म्हणतील म्हणून? म्हणू देत की. कुणाची कंबर किती वाढलीय ते मला ठाऊक आहे, त्या माझ्यापुढे तोंड उघडत नाहीत. तुझा संसार मोडला याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण तू ते एकट्याने गिळलंस याचा राग त्याहून मोठा आहे. अंतराचं निमित्त होतं रे. ते रिकामं घर मी बघू नये, एवढंच तुला हवं होतं.

आता ऐक. तिकीट मी स्वतः जाऊन काढलं, आणि ताईला निघायच्या दिवशी सांगितलं. हे पत्र मधल्या विमानतळावरच्या खुर्चीत बसून लिहितेय, पुढचं विमान लागायला अजून वेळ आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दारात तुला बघितल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून लिहून ठेवलं. दार उघडलंस की माझ्या हातातून हे घे, आधी वाच, मग काय भांडायचं ते भांड. पण परत जा म्हणू नकोस. परतीचं तिकीट मी काढलेलंच नाही.

तुझीच हट्टी,
आई