मिळून आलेला इसम

गोडोली, सातारा
६ जानेवारी २०२५

चि. सौ. संयोगितास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्रं कसली पाठवता काका, फोन करत जा, असा टोमणा त्यात तू मारलाच आहेस. पण बाई, फोनवर माझा आता भरवसा राहिलेला नाही. दिवाळीआधी काय झालं ते तुला अर्धवटच ठाऊक आहे, तेव्हा पुरतं सांगतो. अनोळखी नंबर, पलीकडे खाकी आवाज. म्हणाला, अमक्या पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचा पुतण्या जयराज निकम आमच्या ताब्यात आहे, कायद्यानं नातेवाइकाला कळवावं लागतं म्हणून कळवतोय. मी मनात म्हटलं, या चोरांची तयारी लय कच्ची. तुझ्या ज्या भावाला आपण त्याआधीच्या पावसाळ्यात संगम माहुलीला पोचवला, त्याच्याच नावानं गंडवायला निघाले. ठणकावून सांगितलं की माझा पुतण्या मेला, मी स्वतः त्याला अग्नी दिला, आता तुझं तू काय ते कर. फोन बंद केला नि नंबर ब्लॉक करून टाकला. फसवणुकीच्या फोनला कसं तोंड द्यावं यावर ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण झालं. शाल आणि नारळ मिळाला. फोटो सोबत आहे.

दुसरी बातमी चांगली. आपल्या सुनेचं, सृष्टीचं, वैशाखात नक्की झालं. तू बघून गेलेलाच मुलगा, पलूसचा शंभूराज. खताचं दुकान आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली, आणि बोलतो कमी. हा शेवटचा गुण मी तुझ्या काकूला मुद्दाम वाचून दाखवतोय. जयराजमागं पोरगी वाळत चालली होती, आता जरा हसते. भावकीत काहींची नाकं मुरडून झाली. त्यांना निरोप दिलाय की कन्यादान मी करणार, पंगतीला वाढायलाही मीच उभा राहणार, ज्याला पटत नसेल त्यानं घरी जेवून यावं.

मनूनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय. येताना सांगलीची हळद आण, म्हणजे तुझ्यावरचा आमचा लोभ आपोआप वाढेल.

तुझा,
लालाकाका


विश्रामबाग, सांगली
१८ जानेवारी २०२५

ती. लालाकाकांस शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. शाल तोकडी आहे, पण तुमचा चेहरा पाहता भाषण तोकडं झालं नसावं. काकूंच्या लोणच्याची वाट पाहते आहे.

आता जे लिहिते ते काकूंना वाचून दाखवू नका. आमच्या कॉलेजातला शिपाई भाऊसो आटपाडीकडचा. जयराज माझ्याकडे राहिला होता तेव्हा रोज संध्याकाळी याच्याबरोबर गेटवर चहा प्यायचा. संक्रांतीला तिळगूळ देऊन झाला तरी भाऊसो उंबऱ्यातून हलेना. मग म्हणाला, मॅडम रागावू नका, पण दिवाळीआधी दाखला काढाया तहसील कचेरीत गेल्तो, तवा व्हरांड्यातल्या बाकावर जयराजसाहेब बसल्याले, शेजारी हवालदार. हाक मारली तर ओळखीचं हसलं. एवढे दिवस का बोलला नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, आई म्हणाली, मेल्यालं माणूस आपल्याकडं बघून हसलं तर कुनाला सांगू नये.

मी हसण्यावारी नेलं. रात्री झोप लागली नाही तेव्हा पोलिसांचं संकेतस्थळ उघडलं. अटक झालेल्यांची यादी तिथे कुणालाही पाहता येते. जिल्हा टाकायचा, तारखा टाकायच्या. जयराज विठोजी निकम, वय एकोणचाळीस. आता निकम पुष्कळ आहेत आणि जयराजही आहेत, पण वडील विठोजी आणि वय तेच म्हटल्यावर मी रजा टाकून त्या ठाण्यात गेले.

जमादारांनी अदबीनं बसवलं. परक्या माणसाची माहिती देता येत नाही, नातं दाखवा म्हणाले. माझ्या पिशवीत जयराजचा एकच कागद होता, मृत्यूचा दाखला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. दाखला खरा असेल तर अटक झालेला तुमचा भाऊ नव्हे, मग त्याची माहिती तुम्हाला मिळणार नाही. अटक झालेला तुमचा भाऊ असेल तर दाखला खोटा, मग माहिती तुमचीच घ्यावी लागेल. चहा मात्र चांगला होता.

काका, मला त्याच्या हातचं अक्षर एकदा कागदावर तरी पाहायचं आहे. तो जिवंत असेल तर सृष्टीचं लग्न हे लग्नच होणार नाही, आणि खटला तिच्यावर भरला जाईल. तिला मी अजून बोललेले नाही. आणि तुम्हाला तो फोन आला होता, तो कुठल्या ठाण्यातून म्हणाले होते?

काकूंना नमस्कार. मला वेडी ठरवलंत तरी चालेल, पण आपलं माणूस म्हणूनच ठरवा.

आपली,
संयोगिता


गोडोली, सातारा
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. संयोगितास अ. उ. आ.

भाऊसोला म्हणावं, चष्मा बदल. आमच्या पलटणीत एकाच नावाचे इतके जण होते की एकाला शिक्षा झाली की भलताच मैदानाला फेऱ्या मारायचा.

जयराजची ओळख मी पटवली आहे, बाई. तो घरातून निघून गेला त्याच पावसाळ्यात पलूसच्या खालच्या अंगाला नदीत ते प्रेत लागलं आणि मला बोलावणं आलं. पाण्यात राहिलेलं, तोंडाकडं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण उजव्या मनगटात पलटणीचं स्टीलचं कडं होतं. तो भरती झाला तेव्हा मीच बेळगावहून आणून दिलेलं. कडं बघितलं नि मी मान हलवली. चादर आणखी काढू का म्हणून पोलिसानं विचारलं. मी नको म्हटलं. तेच कडं अस्थींबरोबर माझ्या हातानं नदीत सोडलं.

दहाव्याला कावळा शिवला नाही, एवढं मात्र खरं. झाडावर ओळीनं बसलेले, पण खाली एक उतरेना. सृष्टीला सांभाळू म्हटलं. तिचं पुन्हा लग्न लावू म्हटलं. तुझी मोटारसायकल विकणार न्हाई म्हटलं. ऊन डोक्यावर आलं तरी ते आपले माना वाकड्या करून बघतायत, जसं काही आम्ही भलत्याच माणसाशी बोलतोय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मनू तिथंच म्हणाली, ज्याचं त्याला पोचलं न्हाई. मी तिला गप्प केली. पलटणीतून लवकर परत आल्यापासून पोराचं डोकं थाऱ्यावर नव्हतं, तुला ठाऊकच आहे. डॉक्टरचं ऐकायचा नाही, बायकोचं नाही. माझं तेवढं ऐकायचा. काका म्हणाले जेव की जेवायचा, काका म्हणाले झोप की झोपायचा. जिवंत असता तर माझ्याकडं आला नसता का?

तरी तुझा स्वभाव मला माहीत आहे. अर्ज करायचाच तर नीट कर. मृत्यूचा दाखला घरी ठेव. नात्यासाठी जुनं रेशनकार्ड आणि दोघांचे शाळेचे दाखले जोड. माहिती अधिकाराच्या अर्जात सर्व माहिती द्यावी असं लिहू नकोस, त्यांना नकार द्यायला तेवढंच पुरतं. कागदाचं नाव घेऊन प्रत माग. अटकेचा पंचनामा एका अर्जात, स्टेशन डायरीतली त्या दिवसाची नोंद दुसऱ्यात. महिन्यात उत्तर आलं नाही तर वरच्या साहेबाकडं अपील. आणि पोरानं गुन्हा केलेला नसून नुसता खबरदारी म्हणून उचललेला असला, तर ते प्रकरण तहसीलदारापुढं जातं. त्याची नक्कल कचेरीतूनच निघते. शेजारच्या दादासोंच्या बांधाच्या भांडणात मी हे सगळं केलेलं आहे. भांडण केव्हाच मिटलं, उत्तरं अजून येतात.

फोन कुठल्या ठाण्यातून होता म्हणतेस. चोराचं ठाणं मी कशाला ध्यानात ठेवू? आटपाडीच्या बाजूचं काहीतरी म्हणाला असेल.

सृष्टीला इतक्यात काही सांगू नकोस. तुझ्यावर माया आहे म्हणून लिहितो, नाहीतर नुसता रागावलो असतो.

तुझा,
लालाकाका


विश्रामबाग, सांगली
४ मार्च २०२५

ती. लालाकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसेच अर्ज केले. पहिल्या अर्जाला नकार आला, अपिलाचा मसुदा दाखवल्यावर नकार विरघळला. तहसील कचेरीतली नक्कल त्याआधीच हातात आली होती. काकूंना जवळ बोलवा आणि दोघं बसून वाचा.

आपला जयराज आहे, काका. डाव्या करंगळीचं अर्धं पेर नाही, कडबाकुट्टीत गेलेलं, असं ओळखीच्या खुणांत लिहिलं आहे. खाली सही त्याचीच, शाळेत असताना मारायचा तशी, शेवटी दोन टिंबं देऊन. अंगझडतीत मिळालं एक रिकामं पाकीट आणि एक स्टीलचं कडं. हो, कडं.

पोलिसांच्या मराठीत माणूस सापडत नाही, तो मिळून येतो. सदर इसम गावच्या स्मशानभूमीतील निवाऱ्यात संशयितरीत्या बसलेला मिळून आला. तक्रार गावकऱ्यांची होती. चोरीमारी काही नाही. कुणाची तिरडी आली की हा उठून पुढे यायचा आणि कोण गेलं म्हणून विचारायचा. नाव सांगितलं की मान हलवायचा, हा नव्हे म्हणायचा आणि परत जाऊन बसायचा. अशा किती अंत्यविधींना बसला होता कोण जाणे. माणसं प्रेत घेऊन यायला भिऊ लागली, तेव्हा कुणीतरी ठाण्यात गेलं.

पुढची नोंद उतरवून देते, माझ्या शब्दांत सांगवत नाही. सदर इसमाचे चुलते लालासाहेब निकम, रा. सातारा, यांना फोनद्वारे अटकेबाबत कळविले. त्यांनी सदर इसम मयत असून आपण स्वतः अग्नी दिल्याचे सांगून फोन बंद केला. याबाबत सदर इसमास विचारले असता, काका म्हणाले म्हणजे खरं असणार, तसंच लिहा, असे त्याने सांगितले.

काका, तुम्हाला दोष देत नाही. तो फोन मला आला असता तर मीही हेच बोलले असते, फक्त जास्त वेळ. त्याला जातमुचलक्यावर सोडलं. पुढच्या तारखेला तो आला नाही. कचेरीबाहेरचा चहावाला सांगतो की विट्याच्या रस्त्यानं, पश्चिमेकडे चालत गेला.

सृष्टीला सांगितलं. तुमचं ऐकलं नाही, पण लग्न तिचं आहे. सगळे कागद तिनं सावकाश वाचले, सहीवरून बोट फिरवलं, आणि कुंकू लावून आली. मग म्हणाली, ताई, एका पोलिसी कागदानं विधवा झाले, दुसऱ्यानं सवाष्ण, आता मला काय व्हायचंय ते मी कोर्टात सांगते. वैशाखातलं लग्न थांबवलं आहे. ती सोडचिठ्ठीचा दावा लावणार, आणि तो जिवंत असल्याचा पुरावा म्हणून ह्याच नकला जोडणार. शंभूराजला कळवलं. तो थांबतो म्हणाला. तुम्ही म्हणालात तसा कमी बोलतो.

एकच विचारते. मग आपण जाळला तो कोण?

तुमची माया असू द्या, सध्या तिची मला गरज आहे.

आपली,
संयोगिता


गोडोली, सातारा
३० मार्च २०२५

चि. सौ. संयोगितास अ. उ. आ.

पाडवा आहे. मनूनं गुढी उभारली, मी नुसता काठीला हात लावला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बेळगावला जाऊन आलो. पलटणीच्या सेंटरच्या बाहेर दुकानांची रांग आहे आणि प्रत्येक दुकानात तेच कडं टांगलंय. हवी तेवढी मिळतील म्हणाले. म्हणजे कुठल्या तरी घरातला पोरगा आपण निकमांच्या नावानं जाळला, आणि त्याची आई अजून दाराकडं बघत असेल. पलूसच्या बाजूला त्या पावसाळ्यात कोण कोण बेपत्ता नोंदवलं गेलं याच्या प्रती मागवल्या आहेत. ओळख चुकल्याचं लेखीही दिलंय. तिथल्या साहेबानं विचारलं, तुमचा काय संबंध. नात्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, अग्नी दिला.

काल अवस होती. मनूनं भात शिजवून दिला, तो घेऊन माहुलीला गेलो. गुरुजी तेच. कुणाच्या नावानं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाव ठाऊक नाही. बाबा, तू जो कोण असशील, तुझं घर मी शोधतोय, एवढंच बोललो. पिंड ठेवून हात मागं घेतो न घेतो तोच कावळा खाली आला. झाडावरचा नव्हता, कुठून आला दिसलं नाही. माझ्या बोटांना पंख लागला, पोरी. भात घेऊन गेला.

मी उभाच राहिलो. सामान आवरता आवरता गुरुजी म्हणाले, तुमच्याबरोबरचे पाहुणे थांबले नाहीत का. कोण पाहुणे, मी तर एकटा आलोय. तर म्हणाले, ते काय वरच्या पायरीवर बसलेले, आताच विचारून गेले, कुणाचं आहे म्हणून. मी नाव नाही म्हटलं, तर मान हलवून निघाले. सकाळपासून येईल त्याला तेच विचारत होते. मला वाटलं तुमचेच.

हात कसा होता म्हणून विचारलं. गुरुजींनी हाताकडं बघितलं नव्हतं. माझ्यासारखंच.

पायऱ्या चढून वर गेलो, पुलापर्यंत गेलो, देवळांच्या मागं बघितलं. कोण दिसलं नाही. पण आता मी रोज तिथं जाऊन बसणार आहे. मनू डबा देते म्हणाली. आणि माझं पाय दुखलं, एखादा दिवस चुकला तर त्याची सोय करून ठेवलीय. गुरुजींना, फुलवालीला, स्मशानातल्या शेडवाल्याला, सगळ्यांना सांगितलंय की करंगळी तुटलेला एक माणूस येईल आणि कोण गेलं म्हणून विचारेल. त्याला माझं नाव सांगा. लालासाहेब निकम गेले म्हणावं. दुसऱ्या कुठल्या नावाला तो थांबायचा नाही, ह्या नावाला थांबेल. मग मला फोन करा. फोन आता चालू ठेवतो, अनोळखी नंबरही उचलतो.

गुरुजी जरा बिचकले. जिवंतपणी अशी बातमी पसरवू नये म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घराला सवय आहे.

तुझ्यावर लोभ आहे, तो तसाच राहील. फक्त कुणी फोन करून मी गेलो असं कळवलं, तर रडायच्या आधी येऊन चादर पुरती काढ.

तुझा,
लालाकाका