बोरेगोला बहर आलाय

प्रिय वर्नाताई,

आम्ही दोघं बोरेगोला सुखरूप पोचलो, तेव्हा तो घोर आता सोड. यंदा पाऊस बरा झाला, त्यामुळे डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं वाळवंट जांभळं-पिवळं झालंय. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढत बसू नकोस.

डेल्बर्टची भूक उत्तम आहे. रोज सकाळी आमच्या या चाकांवरच्या घराचं, मोटरहोमचं, दार उघडून तो ओरडतो, "अगं, बघ तरी, एका रात्रीत फुलं आली!" रोज, ताई. आणि मीही रोज धावत जाऊन बघते.

एक सांगणार नव्हते, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? तुला ठाऊकच आहे, गाडी जागेवर लावायची तर तो ती मागे घेतो आणि मी मागे उभी राहून खुणा करते. लग्न झाल्यापासून आमचं असंच चालत आलंय. परवा मी दोन्ही हात वर करून थांबायची खूण केली. त्याने आरशात पाहिलं, गोड हसला आणि खिडकीतून मला हात हलवला. गाडी येतच राहिली. काटेरी झुडपात उडी मारली म्हणून वाचले. थोडं खरचटलंय, बाकी काही नाही.

किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवलीय. एवढं धूड मला चालवता येत नाही. फुलं वाळली की इथे गाड्या लावून राहिलेले सगळे आपापल्या गावी निघतील. आम्ही कसे निघणार, कळत नाही.

आज शेजारीण म्हणाली, "तुमचे यजमान किती मनमिळाऊ हो! अनोळखी माणसालासुद्धा हात हलवतात."

मी म्हटलं, "हो ना. मलाही हलवतात."

तुझी धाकटी,
नडीन