येवा बुजवल्यावर

सर, आपल्या तलावाचं सुशोभीकरण झालं. तुम्ही असता तर विचारलं असतं, "काऊन, आधी का कुरूप होता?"

सातवीत इतिहासाचा तास तुम्ही तलावाच्या बांधावर, पाळीवर घेतला होता. हा तलाव कोणी बांधला, विचारलंत आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, गोंड राजानं. तुम्ही बघितलंत माझ्याकडे, चष्मा कपाळावर. "राजा टोपले उचलते का रे? त्यानं फक्त म्हटलं, जो तलाव बांधन त्याले खालची जमीन. माती लोकायनं टाकली, म्हणून गाव वसलं." मग इंग्रजांनी तलावासकट गाव सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या नावे केलं; पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाला. "मंग आता गाळ काढनं कोनाचं काम?" तुम्ही विचारलंत. कोणीच हात वर केला नाही. अजून केलेला नाही.

मधल्या काळात मी पेपरात टिंगल लिहून पोट भरायला शिकलो. तलावाला फेरी मारायला रस्ता झाला, दिवे लागले, सिमेंटचे दोन हत्तीही आले. रस्ता सलग दिसावा म्हणून, जंगलाकडचं पावसाचं पाणी जिथून आत यायचं तो येवाच भिंत घालून बुजवला. पाणी भिंतीपाशी येऊन बाजूच्या नालीनं निघून गेलं. उद्घाटनाला टँकरनं तलाव भरला, पाहुण्यांची बोट तरंगण्यापुरता. मी झणझणीत लेख लिहिला. भिंत बांधणाऱ्यानंच फोन केला, "भाऊ, हासून हासून पोट दुखलं." भिंत उभीच आहे.

तलाव कोरडा पडला तशी तुमच्या अंगणातली विहीर संक्रांतीलाच आटली. तुमच्या माघारी काकू एकट्याच असतात. मुलगा नागपूरला चल म्हणतो, त्या घर सोडायला तयार नाहीत. मला पाहताच म्हणाल्या, "तुह्या लेखानं भिंत पडते का?"

"नाई पडत, काकू."

"मंग कायले लिहून राह्यला? पानी नसन तर मले नागपूरले जा लागन."

दुसऱ्याच दिवशी बोअरची गाडी मीच घेऊन आलो. दिवसभर धुरळा उडाला, संध्याकाळी पाणी लागलं. काकूंनी पहिली बादली तुळशीला घातली, मग मला चहा केला. त्या राहिल्या, सर. मात्र महिनाभरात त्या बोअरनं मागच्या गल्लीतली विहीर आटवली. यावर मी लेख लिहिलेला नाही. त्या गल्लीतली माणसं आता माझ्याकडे बोअरवाल्याचा नंबर मागतात. मी देतो.