गाडीचं तोंड

आबा, तुमच्या नावानं मी आईला कार्डं पाठवायला लागले आहे. पाठवायला म्हणजे पुढच्या खोलीत बनवायचं आणि मागच्या खोलीत नेऊन द्यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. तुम्ही जन्मभर टपालाच्या शिक्क्याशी इमान राखलंत, एखादी तारीख पुसट उठली तरी तुम्हाला चैन पडायचं नाही, आणि तुमचीच मुलगी पन्नाशी उलटल्यावर बनावट टपाल करत बसली आहे. रागवायचं असेल तर रागवा. पण आधी सगळं ऐकून घ्या, कारण मी यात पुरती अडकले आहे आणि सोडवू शकणारे तुम्ही एकटेच होतात.

मी काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तिथून सुरुवात करते. शाळेत चित्रकलेची बाई म्हणून काही वर्षं काढली, मग ते सुटलं, आणि तेव्हापासून घरीच कार्डं बनवते. वाढदिवसाला, बारशाला, घरभरणीला हातानं केलेलं कार्ड मागणारी माणसं आता परभणीतही आहेत, खोटं वाटेल तुम्हाला. मोठं काम असलं तर कॅनव्हास करते. त्यावर जुने कागद, पोत्याचा तुकडा, साडीची किनार असलं काहीबाही चिकटवायचं, वरून पांढरा लेप द्यायचा, तो वाळला की शाई सोडायची, ओघळू द्यायची आणि मग त्यावर शिक्के उठवायचे. मिक्स मीडिया म्हणतात त्याला. आईनं पहिला कॅनव्हास पाहिला तेव्हा म्हणाली, "भिताड सारवायलीस का काय?" शिक्के बाजारात तयार मिळतात, पारदर्शक, नाजूक, परदेशी फुलांचे. मी मात्र अजून हवाई चपलेच्या तळव्यातूनच कोरते. ते तुमच्याकडून आलं आहे.

बोरीच्या घरातला तो दिवस मला स्पष्ट दिसतो. वैशाखी पौर्णिमा जवळ आली आहे, वस्तीत घरोघरी द्यायला तुम्ही कार्डं करायला घेतली आहेत. झिजलेल्या चपलेचा तळवा मांडीवर, हातात दाढीचं अर्धं पातं, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि मी तुमच्या कोपराला चिकटून बसले आहे. पिंपळपान छान उतरलं. मग तुम्ही मोठ्या हौसेनं 'नमो बुद्धाय' कोरलंत, जांभळ्या शाईत दाबलंत, कागदावर उठवलंत, आणि सगळी अक्षरं उलटी! टपालातला माणूस, दिवसभर शिक्के मारणारा, आणि घरी येऊन अक्षरं सुलटी कोरून बसला. मी हसून हसून लोळले. आईनं कार्ड हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं तर हाय की. काय बिघडलं याला?" तिला वाचता येत नव्हतं. मग तुम्ही मला म्हणालात, "शिक्का खोटं बोलत नसतो बाई, उलटं बोलत असतो. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं, पण अर्धंच.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणूनच ती चित्रांची कार्डं निघाली. तुमची बदली परभणीच्या पलीकडं ताडकळसला झाली. तिथं खोली घेऊन राहायचात, शनिवारी यायला जमलं तर जमलं. सुरुवातीला तुम्ही साधी पत्रं लिहायचात. ती शेजारचा शिकलेला माणूस ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि तुमचं पोट बिघडल्याची खबर आईच्या आधी सगळ्या गल्लीला लागायची. आई म्हणाली, "मला असली पत्रं नगं. वाचणाराच लय हसायलाय." पुढच्या खेपेला कार्ड आलं त्यावर एक अक्षर नव्हतं. चहाचा गिलास उठवला होता. गिलास म्हणजे मी खुशाल आहे. मिरची म्हणजे साहेब तापलेला आहे. आणि खाली गाडी, एसटीची, चौकोनी तोंडाची. गल्लीला काही कळेना, टपाल आणणारा मान खाजवायचा आणि आई कार्ड पदरानं पुसून गालातल्या गालात हसायची. गिलास आणि मिरची तिनं मला समजावून सांगितली होती. गाडीचं कधी सांगितलं नाही.

गाडीचे शिक्के दोन होते, एक डाव्या चपलेचा, एक उजव्या चपलेचा. मला वाटायचं, जोड वाया जाऊ नये म्हणून दोन कोरलेत. एकदा तुम्ही घरी आला होतात तेव्हा तुमच्या पिशवीतून मी ते काढले आणि वहीच्या पानभर गाड्याच गाड्या उठवल्या, येणाऱ्या, जाणाऱ्या, एकमेकींवर धडकणाऱ्या. तुम्ही मला कधी रागवायचा नाहीत. त्या दिवशी माझा कान धरलात. "बाकी कशाशीबी खेळ. गाड्यांला हात लावायचा न्हाई." मी रडले. दुसऱ्या दिवशी जाताना तुम्ही मला कचेरीतून बाद झालेली शाईची डबी देऊन गेलात. डबी अजून माझ्या टेबलावर आहे, टाचण्या ठेवते तिच्यात. पण कान का धरलात ते मला आत्ता आत्ता कळलं.

आईचं विसरणं गेल्या वर्षापासून वाढलं. आधी दुधाचं पातेलं विसरली, मग शेजारणीला ओळखेना, मग एक दिवस मला विचारलं, "तुज्या आबांचं कार्ड आलं का गं?" मी तिच्याजवळ बसले, हात धरला आणि खरं सांगितलं. आई, आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिनं असा टाहो फोडला की समोरचे लोक धावत आले. तुम्ही गेलात त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला पाहुण्यांचं बघायचं होतं. रडून रडून झोपली, उठली, चहा प्यायली आणि म्हणाली, "कार्ड आलं का?" मी पुन्हा खरं सांगितलं आणि पुन्हा तेच सगळं झालं. आबा, एका बाईला किती वेळा विधवा करायचं? मी सांगणं सोडलं. दुसऱ्या सकाळी कात्री, शाई आणि चपलेचा तळवा घेऊन बसले.

पहिलं कार्ड मी फार सुंदर केलं. चहाच्या पाण्यानं रंगवलेला कागद, कडेला पिंपळपानांची नक्षी, गिलासातून सोनेरी वाफ. आईनं ते उलटून पालटून पाहिलं आणि परत दिलं. "हे त्यांचं न्हाई. लय नटवलंय." स्मरण गेलेल्या बाईनं माझी सगळी कारागिरी एका वाक्यात बाजूला सारली. मग मी तुमच्यासारखं करायला शिकले. साधं पिवळट कार्ड, जांभळी शाई, गिलास जरा कलता, कारण तुम्ही घाईत उठवायचात. ते मात्र तिनं ओळखलं. पदरानं पुसलं आणि उशाखाली ठेवलं. त्या आठवड्यात ती पोटभर जेवली, स्वतःहून अंघोळीला गेली. मला वाटलं, जमलं बाई. मी दर दोन-चार दिवसांनी कार्ड करू लागले. कधी गिलास, कधी मिरची. मिरची पाहून ती म्हणायची, "मेल्या साहेबाला दुसरा धंदाच न्हाई." आम्ही दोघी हसायचो. आबा, त्या दिवसांत मी सुखी होते, हे तुम्हाला सांगायला हवं.

मग ती विचारायला लागली, "गाडी का न्हाई काढली त्यांनी?" रोज तेच. गाडी म्हणजे प्रवास, नोकरीवर असल्याची खूण, असं मी समजून चालले होते. तुमचं एकच जुनं कार्ड माझ्याकडं उरलं आहे, त्याच शाईच्या डबीत दुमडून ठेवलेलं. बाकीची आईनं बोरीचं घर सोडताना कुठं ठेवली ते आता तिलाही माहीत नाही. त्या कार्डावरची गाडी मी पातळ कागदावर उतरवून घेतली. खरं म्हणजे तो कागद उपडा टाकून रबरावर घासायचा असतो, म्हणजे चित्र उलटं उतरतं आणि छापताना सुलटं होतं. अक्षरं असली की माझा हात आपोआप कागद उपडा करतो. पण गाडीला कसलं उलटं-सुलटं? मी कागद तसाच चिकटवला, कोरलं, उठवलं आणि आईच्या हातात दिलं.

तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मीच घाबरले. "यायलेत!" म्हणाली. "अगं, यायलेत ते. चूल पेटव." मी म्हटलं, तुला कसं कळलं? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू वेडी मीच आहे. "बोरीला आपल्या दारात बसलं की परभणीची गाडी उजव्या हाताकडनं येती. मंग तिचं तोंड डाव्या हाताला न्हाई का? डाव्या हाताला तोंड असलं की यायलेत. उजव्या हाताला असलं की न्हाई येत. एवढं शिकलीस अन् एवढं मालूम न्हाई?" मी डबीतलं कार्ड काढून पाहिलं. त्यावर गाडीचं तोंड उजव्या हाताला. तुमचं म्हणून उरलेलं ते एकच कार्ड, तेही येत नसल्याचं. आणि मी ते उलटं उठवून तुम्हाला निघायला लावलं होतं.

त्या दिवसापासून आई ओट्यावरच्या खुर्चीत बसून आहे. ठेवणीतली हिरवी साडी नेसते. माझ्याकडून धपाटे करून घेतले, ठेचा कुटायला लावला, दोन ताटं वाढायला लावली आणि दोन्ही झाकून ठेवली. "ते आल्यावर जेवू." शनिवार गेला, दुसरा गेला. ताटातलं अन्न मी बदलते, ती शिवत नाही. फार मागं लागले तर दोन घोट पेज घेते. "त्यांनी तुला जेवून घ्यायला सांगितलंय," म्हणून पाहिलं. "कार्डात तसं कुटं हाय?" म्हणाली. जेवून घे याचं चित्र तुम्ही कोरलंच नव्हतं, आबा. गिलास कोरलात, मिरची कोरलीत, ते तेवढं राहून गेलं. डॉक्टर येऊन गेले. वजन उतरतंय, असंच चाललं तर नळीनं अन्न द्यावं लागेल, आणि या वयात ते सोसेल का सांगता येत नाही, असं म्हणाले. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर सरकतात.

माझे यजमान म्हणाले, "सोपं आहे की. येत नाही म्हणून दुसरं कार्ड दे." सोपंच होतं. मी कागद उपडा टाकून दुसरी गाडी कोरली, तोंड उजव्या हाताला, आणि काळजावर दगड ठेवून तिला दिली. रडेल, पण निदान जेवेल, असं वाटलं. आईनं दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, बराच वेळ पाहिली. मग उजव्या तोंडाचं उचलून खाली सरकवलं आणि डाव्या तोंडाचं त्याच्यावर ठेवलं. "हे आधीचं हाय," म्हणाली, "आधी जमत न्हवतं त्यांचं. मंग जमलं." मी म्हटलं, नाही आई, हे आजचं आहे. "टपाल मागंपुढं होतंय. त्यांनीच सांगितलंय मला." तारखेचा शिक्का कोरला असता तरी तिला वाचता आला नसता. अजून तसंच एक कार्ड दिलं, तेही तिनं खाली घातलं. मी कितीही दिली तरी ती खालीच जाणार आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत झाली आहे माझी.

तुमचा राग येतो मला. दोघांनी मिळून एक भाषा केलीत आणि तिच्यात मला नीट घेतलं नाहीत. आता तुमच्या बाजूनं बोलायला मीच उरले आहे, आणि मला त्या भाषेतले चार शब्दसुद्धा धड येत नाहीत. टेबलावर एका घरभरणीचा कॅनव्हास अर्धवट पडून आहे, लेपाला भेगा गेल्या आहेत, गिऱ्हाइकाचे फोन मी घेत नाही. नवा तळवा कापून ठेवला आहे. ताट कोरावं, भाकरी कोरावी, पण ती म्हणणार, हे त्यांचं नाही. आणि ते खरंच असणार.

हे पत्र मी कुठं टाकणार आहे? टाकलं तरी तुम्ही मला रागवाल, एवढंच ना. ते चाललं असतं. पण एक सांगून ठेवते. काल संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. आई खुर्चीतच पेंगत होती, तिला ऐकू आलं नाही. मी मात्र हातातला ब्रश तसाच टाकून, केस सारखे करत, दारापर्यंत गेले होते.