न कापलेली पानं

प्रिय मौलवीसाहेब,

चर्र… चर्र… बोरू तासायच्या तुमच्या चाकूचं पातं जोडलेल्या पानांच्या घडीतून सावकाश फिरतंय आणि मी श्वास रोखून बसलोय. किती वर्षं झाली त्या शुक्रवारला! शाळेला सुट्टी होती. तुम्ही पानांवर फुंकर घातलीत आणि म्हणालात, "मास्तर, छापल्यापासून हे पुस्तक कुणी उघडलेलंच नाही. पहिले वाचणारे आपण!"

तो आवाज आज सकाळपासून कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. दुसरंही कारण आहे. उद्या सकाळी सोपानची कडब्याची गाडी बार्शीला निघणार आहे. मुलगा, सून, नातवंडं कधीच हद्द ओलांडून तिकडं हिंदुस्थानात पोचली. मी इथं निजामाच्या परंड्यात, आतून कडी लावून बसलोय. शाळेला कुलूप आहे. गल्लीत भरदुपारीसुद्धा कुत्रं फिरकत नाही. जायचं की राहायचं, ते आज ठरवायचंय. अशी गोष्ट मी आजवर तुम्हालाच विचारत आलो. आता कुणाला विचारू?

तुमचं पुस्तक समोरच आहे. हिरवं कातडं, त्यावर पुसट झालेलं सोनेरी जहाज. रशियाच्या खलाश्यांनी गोठलेला समुद्र कसा धुंडाळला त्याची हकीकत, आणि तीही इंग्रजीत! तुमच्या वालिदांना हैद्राबादच्या कुण्या नवाबानं दिलेलं. नवाबानं उघडलं नाही, वडिलांना इंग्रजी येईना. आणि तुम्ही ते माझ्यासारख्या अडाण्यासमोर उघडलंत!

इंग्रजीच्या बाबतीत मी अडाणीच की. तुम्ही एकेक ओळ वाचायचात, तुमच्या दख्खनीत सांगायचात आणि मी तिची मराठी ओवी करायचो. आठवतं? बर्फाच्या किनाऱ्यावर मी आंब्याचं झाड लावलं होतं.

"मास्तर, तिथं आंबा कसा उगवेल?"

"मग कोकिळेला बसवू कुठं?"

"कोकिळाच नको!"

"कोकिळेवाचून कविता कशी होईल, मौलवीसाहेब?"

तुम्ही इतके हसलात की चष्मा मांडीवर पडला. आपण दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. बर्फ तुम्ही एकदाच पाहिलेला, हैद्राबादेत एका लग्नात, सरबतात तरंगताना. मी तर फक्त गारा वेचल्यात. ते बर्फाचे डोंगर मनासमोर यावेत म्हणून तुम्ही मला भर उन्हात किल्ल्याच्या तटापाशी नेलंत आणि म्हणालात, "हा सगळा तट पांढरा समजा. आता तो तरंगतोय समजा." मी डोळे मिटले. खरं सांगू? मला थंडी वाजली!

एका शुक्रवारी दोन-चारच पानं कापायची, हा तुमचा हट्ट. मी म्हणायचो, आणखी एक घडी कापा. तुम्ही चाकू मिटायचात. "सबर करा. संपलं की संपलं." मौलवीसाहेब, रागावू नका, पण त्या सबुरीनं माझा घात केला. तुम्ही गेलात या थंडीत, आणि आपलं जहाज अजून बर्फातच आहे!

चहूकडून पाणी गोठलं. खलाश्यांनी आधी टेबलं जाळली, मग फळ्या. कप्तानानं बर्फावर शाळा भरवली, अडाणी खलाश्यांना अक्षरं शिकवली. तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. "मास्तर, आपल्या धंद्यातला माणूस निघाला!" मी तिथल्या तिथं रचलं होतं,

पाणी झाले की पाषाण, नौका बसली रुतून।
शीड विचारी वाऱ्यास, कधी नेशी सोडवून?

आणि ते शेवटचं पान. कप्तानानं सगळ्यांना जमवलं. जहाजावरच थांबायचं, की जहाज सोडून बर्फावरून पायी दक्षिणेला चालू लागायचं? ज्यानं त्यानं आपलं सांगावं. पान तिथं संपलं. पुढची घडी बंद. तुम्ही चाकू मिटलात आणि खोकत म्हणालात, "पुढच्या शुक्रवारी."

पुढच्या शुक्रवारी पुस्तक तेवढं माझ्याकडं आलं. "मास्तरांना सांभाळायला द्या," एवढाच तुमचा निरोप.

सांभाळतोय. पानांत कडुलिंबाचा पाला घातलाय. पण ती घडी मी कापलेली नाही. कापून करू काय? गावात इंग्रजी येणारे वकील होते, ते सोलापूरला निघून गेले. नुसती काळी अक्षरं बघत बसू? कधीकधी दोन पानांच्या फटीतून आत डोकावतो. एका चित्राचा कोपरा दिसतो. माणसांचे पाय आहेत. चालताहेत की पडलेत, ते कळत नाही हो!

मागं घरोघर झडती झाली तेव्हा जमादार माझ्याही घरात शिरला. पुस्तक उचललं, चित्रं पाहिली.

"ये कौन लोगां हैं?"

"रशियाचे खलाशी, सरकार."

"रशिया? म्हणजे कम्युनिस्ट?"

तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, "नाही सरकार, हे जुने. बादशहाचे नोकर. बादशहासाठी बर्फात मेले."

जमादारानं पुन्हा चित्र पाहिलं, मान डोलवली. "वफादार लोगां थे." पण जाताना बजावलं, "हद्दीच्या नाक्यावर ही किताब दिसली तर जप्त होईल. तिथं कुणी चित्रं बघत बसणार नाही."

आज सकाळी सोपान आला. आल्या आल्या त्याची नजर पुस्तकावर गेली.

"अण्णा, उद्या कडब्यात लपून बसायचं गप. पर ते बाड न्हाय घ्यायचं."

"बाड नव्हे रे, पुस्तक आहे."

"असू द्या की! नाक्यावर कडब्यात भाले खुपसून बघत्यात. तुमाला टोचलं तर तुमी वरडणार न्हाय. पर पुस्तकाला टोचलं की तुमी वरडणार. मला ठाव हाय."

मला हसू आलं, मग आलं नाही. तो म्हणाला, ही शेवटचीच गाडी, यापुढं बैल जुंपायची त्याची छाती नाही. धाकटी नात रोज दारात बसून माझी वाट बघते, असंही त्यानं सांगितलं. हे नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत? "मास्तर, किताब आहे ती. माणूस मोठा," असंच म्हणाला असता, मला ठाऊक आहे. पण तुमचं बोलणं, तुमचा खोकला, पेन्सिलीनं समासात लिहिलेले तुमचे उर्दू अर्थ, हे सगळं त्या पुस्तकात आहे. ते जप्तीत गेलं किंवा चुलीत गेलं, तर तुम्ही पुन्हा एकदा गेल्यासारखं होईल. ते मला सोसायचं नाही.

तेव्हा ठरलं. सोपानला नको म्हणून सांगतो. नातीला कुणीतरी समजावेल. तुम्हाला शब्द देतो, मौलवीसाहेब, जहाज एकटं सोडून मी उतरणार नाही. वाचणारा भेटेपर्यंत ती पानं अशीच बंद राहतील. ज्या दिवशी शेवट कळेल, मग तो कसाही असो, तुमच्या कबरीपाशी बसून आधी तुम्हाला ऐकवीन.

तुमचा,
शिवलिंग मास्तर

ता. क.
सही केली आणि दार वाजलं. झडतीच, असं समजून पुस्तक धोतराच्या सोग्यात लपवलं आणि कडी काढली. दारात बुरखा घातलेली एक बाई उभी होती, मागं पडदे सोडलेला टांगा. आवाजावरूनही ओळखलं नाही मी, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तुमच्या घरच्या होत्या, मौलवीसाहेब! इतकी वर्षं पडद्याआड असलेल्या त्या आज दिवसाढवळ्या माझ्या उंबऱ्यावर.

"मास्टरसाब, सोपान बोल्या किताब गाडी में नै चलती. मैं बार्शी को बहन के घर जा रहूँ. पडदे का टांगा नाके पो कोई नै खोलते. किताब मेरे पास देव, तुमे सामने बैठो, पूछे तो हमारे मुन्शी बोलूंगी."

मग त्या हळूच म्हणाल्या,

"हर जुम्मे को पडदे के पीछे बैठ के सुनती थी मैं. वो जहाज छूटा की नै? इनो जाते-जाते मेरे कू बी नै बताए."